इंग्रजी षष्ठीचें कोडें

‘इंग्लंडच्या राजाची कन्या’ याचें इंग्रजी करतांना मुलें हटकून अडखळतात. कन्या राजाची, पण इंग्रज म्हणतो, ‘द किंग ऑफ इंग्लंड्‌स डॉटर’, म्हणजे षष्ठीचा प्रत्यय इंग्लंडास लावतो! याचें कारण असें कीं, ‘किंग ऑफ इंग्लंड’ हें सगळें मिळून तो एकच नाम मानतो व प्रत्यय त्या समूहाच्या शेवटीं जोडतो. पूर्वीं असें नव्हतें. १४०० सालीं निवर्तलेल्या चॉसर कवीच्या काळीं प्रत्यय राजासच लागे, आणि ‘ऑफ इंग्लंड’ हे शब्द कन्येच्याही मागून येत. पुढें नामांचे इतर विभक्तिप्रत्यय झिजून गेले. उरलेला हा एक प्रत्यय शब्दाचा न राहतां शब्दसमूहाचा झाला. आपणही ‘राम व लक्ष्मण यांचा पिता’ असें म्हणून षष्ठी शेवटीं एकदांच योजतों, हें मुलांस दाखवावें.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. ‘अ पोर्ट्रेट ऑफ माय फादर’ म्हणजे ज्यांत वडील दिसतात तें चित्र. ‘अ पोर्ट्रेट ऑफ माय फादर्स’ म्हणजे वडिलांच्या संग्रहांतील एखादें चित्र, मग त्यांत कोणीही असो. आपलें ‘वडिलांचें चित्र’ हे दोन्ही अर्थ पोटांत घेतें. म्हणूनच आपलीं मुलें येथें फसतात.

यास्तव वही तपासतांना घरांतील वडील मंडळींनीं नियम घोकवून घेण्यापूर्वीं ‘हें चित्र कोणाजवळचें आणि कोणाचें काढलेलें?’ असें विचारावें, असें आम्हांस वाटतें. अर्थ मनांत स्पष्ट असला, म्हणजे प्रत्ययाची जागा आपोआप सांपडते.