मनात चित्र, चित्राला जागा: स्मरणपद्धतीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

लक्षात ठेवायच्या गोष्टीचे मनात चित्र करून ते ओळखीच्या जागी ठेवणे, ही स्मरणाची फार जुनी पद्धत आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरोने तिचे वर्णन केले. अमरावतीच्या दहावीच्या विद्यार्थ्याला धातूंच्या अभिक्रियाशीलता श्रेणीतला पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम हा क्रम हवा आहे, असे समजा. राजकमल चौकात अकोटच्या केळ्यांचा ट्रक उलटला आहे, पुढे गांधी चौकात मिठाचा डोंगर आणि अंबादेवीच्या पायऱ्यांवरून दुधाचा लोट. केळ्यांत पोटॅशियम, मिठात सोडियम, दुधात कॅल्शियम. रस्ता आधीच पाठ असल्याने क्रम चुकत नाही.

यामुळे विषय समजतो, हा मात्र गैरसमज. सोडियमपेक्षा पोटॅशियम अधिक क्रियाशील का, हे चित्र सांगत नाही; त्यासाठी बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची केंद्रकाची पकड समजून घ्यावी लागते. उजळणीही टळत नाही. चित्रेसुद्धा पुसट होतात.

तल्लख स्मरणशक्ती जन्मजात देणगी असते, ही समजूत तर मुलांचे थेट नुकसान करते. २००३ मध्ये एलेनॉर मॅग्वायर यांच्या गटाने जागतिक स्मरणस्पर्धांतले खेळाडू तपासले. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य नव्हती, मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. बहुतेक जण हीच जागांची पद्धत वापरत होते. २०१७ मधील एका अभ्यासात नवख्यांनी सहा आठवडे सराव केला आणि ७२ शब्दांच्या यादीतले त्यांना आठवणारे शब्द दुपटीहून वाढले. चार महिन्यांनंतरही लाभ टिकून होता.

सर्वांत खोल रुजलेला समज म्हणजे चित्र डोळ्यांपुढे लख्ख दिसलेच पाहिजे. काहींना मिटल्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही. या स्थितीला २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव मिळाले. तरीही त्यांची स्मृती काम करतेच. दृष्टी आणि विद्वत्ता यांची सांगड किती सैल असते, हे वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ मध्ये जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत, ऐकून आत्मसात करत, त्यांनी १९१५ पर्यंतच्या अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवले. जन्मांध व्यक्तींवरील प्रयोगांतही प्रतिमांचा उपयोग दिसून आला आहे. त्यांच्या प्रतिमा स्पर्श, आवाज आणि अंतर यांतून घडतात.