धूळ गेली कोठे?

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो, असे आपण म्हणतो. खरे तर हवाच धूळ आत ढकलते. यंत्रातील पंखा हवा बाहेर फेकतो, आतील दाब घटतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत घुसते. १९०१ साली ह्यूबर्ट बूथ यांनी लंडनमध्ये असे यंत्र बनविले.

मग यंत्र निवडताना काय पाहाल? वॅटचा आकडा फक्त विजेचा खप सांगतो. खरी परीक्षा गाळणीची! गाळणी विरळ असेल, तर बारीक धूळ पुन्हा खोलीत येते आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाते. ‘हेपा’ गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविते. मात्र झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल, तर ती गाळणीही व्यर्थ. घरात दमेकरी असल्यास हे आधी तपासा.