भेंडीच्या पट्टीतलं भाडं

मागे पंपाचा आवाज येतोय, सांभाळून घ्या. वीज आत्ताच आलीये आणि पाणी सोडणं थांबवता येत नाही.

तर आजचा विषय माझ्या हातातल्या दोन पट्ट्यांवरून. किन्हवलीकरांना सांगायला नको, भातकापणी झाली की आपल्याकडे भेंडी. वाशीला गेलेल्या मालाच्या एकाच आठवड्यातल्या या दोन पट्ट्या. भाव जवळपास सारखा, हमाली-तोलाई सारखी. पण एकीत भाड्यापोटी किलोमागे ३ रुपये कापलेले, दुसरीत साडेसात! मी तापलो, टेम्पोवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, भाडं तीन हजारच आहे. सोमवारी हजार किलो माल होता, बुधवारी तुमचा चारशेच आला."

चूक माझीच होती. टेम्पो किलोचे पैसे घेत नाही, खेपेचे घेतो. डिझेल, ड्रायव्हर, टोल, भिवंडी बायपासला ट्रॅफिकमध्ये गेलेले तास, सगळं त्या खेपेवर बसतं. आणि येताना तो रिकामा येतो, त्याचंही डिझेल आपणच भरतो. वाशीहून शहापूरचा किराणा मिळाला तर हाच माणूस दोन-चारशे कमी घेतो. म्हणून भाडं विचारताना परतीच्या मालाचंही विचारावं.

वजनाइतकीच जागाही महत्त्वाची, हे आपल्या जुन्या माणसांना शिकवावं लागलं नाही. मुंबईच्या तबेल्यांना इथून गवत जायचं ते प्रेसवर दाबून, गठ्ठे बांधून. सुटं गवत भरलं तर ट्रक डोंगराएवढा दिसणार आणि वजन किरकोळ. भाडं मात्र पूर्ण ट्रकचं.

विमानातही हेच, फक्त त्याला सूत्र आहे. आपली भेंडी आखातात, युरोपात जाते ती विमानाने. कारण एक दिवसाआड तोडावी लागणारी, जून व्हायला टपलेली ही भाजी बोटीवर आठवडे काढू शकत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायचं, हे झालं आकारमानाचं वजन. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. समजा खोकं ४०×३०×२० आहे. म्हणजे २४,०००, भागिले ६,०००, चार किलो. त्यात पाच किलो भेंडी बसली तर पाचाचं भाडं, तक्रार नाही. त्याच खोक्यात अडीच किलो कढीपत्ता भरा, पैसे चार किलोचेच! हवेचं भाडं आपण भरतो ते असं.

दर वर-खाली का होतो? बरीच भाजी प्रवासी विमानाच्या पोटात, प्रवाशांच्या बॅगांशेजारी जाते. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली आणि ती जागाच गेली. उरलेल्या मालवाहू विमानांचे दर भडकले. इथे भेंडी झाडावर आणि तिकडे गिऱ्हाईक तयार, पण मधे जागा नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. ज्यांना घाई होती त्यांनी माल विमानाकडे वळवला. आपली भेंडी कधी बोटीत बसली नाही, तरी रांगेत तिच्यापुढे माणसं वाढली. वर इंधनाचा अधिभार असतोच.

मला खटकतं ते वेगळंच. परदेशातला दुकानदार आपला भाव ठरवतो, विमान कंपनी आपला, निर्यातदार आपला. या सगळ्यांचं वजा जाता जे उरेल, तो बांधावरचा भाव. गेल्या वर्षी एकाने भाडं वाढलं म्हणून किलोमागे चार रुपये कमी केले. पुढे भाडं उतरलं, पण चार रुपये परत आले नाहीत. आता मी बोलणी करतानाच विचारतो, भाडं उतरलं तर काय?

आणि बुधवारचा टेम्पो? आम्ही चौघांनी तोडणीचे वार जुळवलेत. एकाची भेंडी त्यासाठी एक दिवस लवकर निघते, थोडी बारीक असते, तो कुरकुरतो. कालच्या खेपेला नऊशे वीस किलो भरले, भाडं पडलं सव्वातीन रुपये. चला, पाणी दुसऱ्या सरीत वळवायचंय.