बोगदा, जोडणी आणि पत्ता : युनिक्स सर्व्हरवरील व्ही.पी.एन. व अनेक इंटरनेट-जोडण्यांचा संयोग

‘बोगदा’ हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे खंडाळ्याचा घाट उभा राहतो : डोंगर पोखरून काढलेली, इतर वाहतुकीपासून अलग अशी एक बंदिस्त वाट. संगणकांच्या व्यवहारात ‘टनेल’ या संज्ञेसाठी हाच शब्द योजला जातो आणि त्यामुळे व्ही.पी.एन. म्हणजे इंटरनेटच्या पोटातून आपल्यापुरता काढलेला एक निराळा रस्ता होय, अशी समजूत सहजच होते. वस्तुस्थिती तशी नाही. व्ही.पी.एन.मधील मजकूर सर्वांच्या रस्त्यावरूनच, सर्वांच्या मजकुराबरोबर जातो; फरक एवढाच की एक पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलेले असते व आतील पाकिटावर काय लिहिले आहे हे वाटेतील कोणास वाचता येत नाही. दुसरी अशीच एक समजूत ‘जोडणे’ या क्रियापदाने निर्माण केली आहे. पन्नास मेगाबिट वेगाच्या दोन जोडण्या घेऊन त्या एका सर्व्हरला लावल्या की शंभर मेगाबिटांची एक जोडणी तयार होते, असे पुष्कळांस वाटते. तेही खरे नाही. निदान तेवढ्याने ते होत नाही. हे दोन विषय सामान्यतः वेगवेगळे मानले जातात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, व तो भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही : नाव आणि ठिकाण यांचा परस्परसंबंध कोणता?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे, याचा अनुभव पुण्याच्या ईशान्य भागास २०२० साली आला. आळंदीहून दिघी व कळस यांवरून पुण्यास येणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी आहे. येरवडा व खराडी येथील संगणक-कंपन्यांत काम करणारा पुष्कळसा नोकरवर्ग येथे व शेजारच्या धानोरी, टिंगरेनगर या वस्त्यांत राहतो. तोपर्यंत कॉल सेंटर आदी संस्थांना कर्मचाऱ्यांकडून घरून काम करवून घ्यावयाचे असल्यास परवानाधारक दूरसंचार कंपनीनेच उभारून दिलेला व्ही.पी.एन. वापरावा लागे आणि एक कोटी रुपयांची हमीही द्यावी लागे. दूरसंचार विभागाने १३ मार्च २०२० रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या व संस्थेने स्वतः उभारलेला सुरक्षित व्ही.पी.एन. चालेल असे ठरविले. २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमावलीने ते जुने निर्बंध बहुतांशी कायमचे उठले. अशा रीतीने जो बोगदा पूर्वी कंपनीच्या तळघरात असे, तो घराच्या बैठकीच्या खोलीपर्यंत आला. रस्ता खोदताना तार तुटली की त्या दिवसाचे काम बुडे. म्हणून ज्यांना परवडले त्यांनी दुसरी जोडणी घेतली, आणि दोन जोडण्या घेऊनही काम मध्येच तुटते कसे, हे कोडे त्यांच्यापुढे उभे राहिले.

या कोड्याचे उत्तर पत्त्यात आहे. मराठीतील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे मूळची स्थलवाचक होत. परंतु एकदा आडनाव झाले की त्याचा स्थळाशी असलेला संबंध सुटतो. आळंदीकरांचे कुटुंब पिढ्यान् पिढ्या नागपुरास राहिले तरी ते आळंदीकरच राहते. इंटरनेटवरील आय.पी. पत्त्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तो संगणकाचे नावही असतो व ठिकाणही असतो, आणि ठिकाण बदलताच नावही बदलते. दोन संगणकांमधील टी.सी.पी. पद्धतीचे संभाषण चार गोष्टींवरून ओळखले जाते : दोन्ही टोकांचे पत्ते व दोन्ही टोकांचे पोर्ट-क्रमांक. यांपैकी एक जरी बदलला तरी पलीकडचा संगणक बोलणाऱ्यास परका समजतो. फायबरची जोडणी बंद पडून मोबाइलची जोडणी सुरू झाली, की घरातील संगणक जणू नवे आडनाव घेऊन त्याच दारात उभा राहतो. साहजिकच दार उघडले जात नाही.

येथे बोगद्याचा खरा उपयोग ध्यानात येतो. गुप्तता हा त्याचा प्रसिद्ध गुण आहे. तथापि नाव आणि ठिकाण यांची फारकत करणे हा त्याहून मूलभूत गुण होय. बोगदा उभारला म्हणजे प्रत्येक संगणकास दोन पत्ते मिळतात. बाहेरील पाकिटावरचा पत्ता हा ठिकाणाचा, आणि तो बदलू शकतो. आतील पाकिटावरचा पत्ता हा नावाचा, आणि तो स्थिर राहतो. युनिक्समध्ये यासाठी ‘टन’ नावाचे एक आभासी उपकरण असते. सर्व्हरच्या दृष्टीने ते नेहमीच्या जाळे-कार्डासारखेच दिसते, परंतु त्याच्या मागे तार नसते, एखादा प्रोग्राम असतो. शक्य ती प्रत्येक वस्तू फायलीच्या रूपाने मांडावयाची, या युनिक्सच्या जुन्या रीतीस अनुसरून तो प्रोग्राम त्या उपकरणातून पाकिटे फायलीप्रमाणे वाचतो, कुलूपबंद करतो आणि नव्या पाकिटात घालून खऱ्या तारेवर सोडतो. २००१ साली आलेला ओपनव्ही.पी.एन. याच रीतीने चालतो. त्यापूर्वीची आयपीसेक ही पद्धत अधिक जुनी व सर्वमान्य असली, तरी तिची मांडणी इतकी गुंतागुंतीची आहे की अनुभवी व्यवस्थापकही तिच्यापुढे दबकतात.

वायरगार्ड ही तिसरी पद्धत मार्च २०२० च्या अखेरीस लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात हे घडले, हा एक योगायोग. ओपनबीएसडीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ६.८ या आवृत्तीत तिचा स्वीकार केला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वायरगार्डचे महत्त्व तिच्या ओळख-पद्धतीत आहे. येथे समोरच्याची ओळख पत्त्यावरून होतच नाही. प्रत्येकाजवळ एक सार्वजनिक किल्ली असते व तीच त्याचे नाव. योग्य किल्लीने बंद केलेले पाकीट ज्या पत्त्यावरून येईल, तोच त्या व्यक्तीचा सध्याचा मुक्काम असे सर्व्हर निमूटपणे नोंदवून घेतो व उत्तर तेथे पाठवितो. फायबर गेले व मोबाइल आले, तरी पुढचे पाकीट पोहोचताच बोगदा नव्या ठिकाणाहून पूर्ववत् चालू लागतो. आत चाललेले संभाषण क्षणभर थबकते, तुटत नाही.

पाकिटात पाकीट घालावयाचे तर आतले थोडे लहान हवे, ही साधी गोष्ट प्रत्यक्षात फार त्रास देते. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. वायरगार्डचे वेष्टन जुन्या आय.पी.वर ६० बाइट व नव्या आय.पी.वर ८० बाइट घेते, म्हणून आतील मर्यादा सामान्यतः १४२० ठेवतात. परंतु घरगुती जोडणी पीपीपीओई पद्धतीची असेल, तर तिची स्वतःचीच मर्यादा १४९२ असते. मग आतील आकडा १४१२ पर्यंत उतरवावा लागतो. हे न केल्यास विचित्र प्रकार घडतो. छोटे निरोप जातात, बोगदा चालू दिसतो, लॉग-इन होते. मात्र मोठी फाइल मागविली की सर्व काही गोठते. ‘व्ही.पी.एन. जोडले जाते पण चालत नाही’ अशी तक्रार आली, तर प्रथम हा आकडा तपासावा.

आता दोन जोडण्यांच्या संयोगाकडे वळू. प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. लिनक्सवरील ‘बाँडिंग’ व फ्रीबीएसडीवरील ‘लॅग’ ही साधने दोन तारा एकाच स्विचला नेण्यासाठी आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवर ती जशीच्या तशी चालत नाहीत, कारण त्या दोन तारा एका ठिकाणी मिळतच नाहीत. दोन कंपन्या असल्यास सामान्यतः मार्ग-कोष्टकात दोन दरवाजे व त्यांचे वजन नोंदवितात, किंवा ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये आलटून-पालटून मार्ग देण्याचा नियम लिहितात. या व्यवस्थेत एक संपूर्ण संभाषण एका दरवाजाने जाते, दुसरे दुसऱ्याने. दहा माणसांचे कार्यालय असेल तर भार ठीक वाटला जातो. एकट्या माणसाने एकच मोठी फाइल उतरवावयास घेतली, तर मात्र तिला एकाच जोडणीचा वेग मिळतो. दुसरी जोडणी रिकामी बसते.

मग एकाच संभाषणाची पाकिटे एक-एक करून दोन्ही दरवाजांनी का सोडू नयेत? कारण पुन्हा तेच, पत्ता. फायबरच्या दरवाजाने गेलेल्या पाकिटावर एक पत्ता, मोबाइलच्या दरवाजाने गेलेल्यावर दुसरा. पलीकडच्या संगणकास ती दोन वेगळ्या माणसांची अर्धी-अर्धी वाक्ये वाटतात. एका कंपनीचा पत्ता घालून पाकीट दुसऱ्या कंपनीच्या तारेवर सोडावे, तर परका पत्ता पाहून ती कंपनी बहुधा ते टाकून देते. पत्त्यांची लबाडी रोखण्यासाठी अशी गाळणी लावावी, ही शिफारस २००० सालापासून प्रचारात आहे.

यास्तव खरा संयोग हवा असल्यास तिसऱ्या ठिकाणी, मुंबईसारख्या शहरातील एखाद्या डेटा सेंटरमध्ये, स्वतःचा एक सर्व्हर लागतो. घरातून त्याच्यापर्यंत दोन बोगदे न्यावयाचे, एक फायबरवरून व एक मोबाइलवरून. एका संभाषणाची पाकिटे दोहोंत विभागून पाठवावयाची. तेथे ती जुळवून एकाच पत्त्याने पुढे जगात सोडावयाची. ज्या रस्त्यावर विश्रांतवाडी आहे, त्या रस्त्यावरील वारीचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. आळंदीची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात येते, देहूची दापोडीकडून येते; पुण्याहून एक दिवेघाटाने सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरला; आणि दोन्ही वाखरीस पुन्हा एकत्र येऊन पंढरपुरात प्रवेश करतात. दिंड्यांना क्रमांक असल्यामुळे कोणी कोणाच्या मागे चालावयाचे याचा घोळ होत नाही. पाकिटांच्या संयोगातही वाखरी लागते आणि क्रमांक लागतात. एम.एल.व्ही.पी.एन. हा युनिक्सवरील प्रोग्राम याच कामासाठी लिहिलेला आहे. मल्टिपाथ टी.सी.पी. ही २०१३ साली प्रथम लेखी मानकात आलेली पद्धत हेच काम संभाषणाच्या पातळीवर करते. तिच्यात दोन्ही टोकांना ती भाषा यावी लागते.

क्रमाची किंमत किती, हे एका उदाहरणावरून दिसेल. फायबरचा वेग सेकंदास ५० मेगाबिट व एकमार्गी विलंब १२ मिलिसेकंद, आणि मोबाइलचा वेग १० मेगाबिट व विलंब ६० मिलिसेकंद आहे, असे धरू. मोबाइलवरून गेलेले पाकीट ४८ मिलिसेकंद मागे राहते. तेवढ्या वेळात फायबरवरून १५०० बाइटांची सुमारे २०० पाकिटे येऊन पडतात. त्यांना थांबवून ठेवण्याची सोय नसेल, तर ती क्रम सोडून पुढे जातात, आणि टी.सी.पी. मधले पाकीट हरवले असे समजून वेग कमी करतो. त्याहून वाईट चूक म्हणजे एक पाकीट इकडे, एक पाकीट तिकडे, अशी समान वाटणी. हळू जोडणी १० मेगाबिटच वाहते, वेगवान जोडणी तिच्या बरोबरीने चालते. एकूण २० मेगाबिट होतात. एकट्या फायबरचे ५० होते. साठांच्या आशेने दोन जोडण्यांचे पैसे भरून वीस पदरात पडणे, हा प्रकार म्हणूनच घडतो. वाटणी वेगाच्या प्रमाणात, येथे पाचास एक अशी, हवी. आणि मोबाइलचा वेग तासागणिक बदलत असल्यामुळे ती सतत मोजून बदलती ठेवावी लागते. इतका विलंब-भेद असलेल्या जोडण्यांचा वेग-संयोग न करता दुसरी जोडणी केवळ राखीव ठेवणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. वेष्टनासाठी टी.सी.पी. न वापरता यू.डी.पी. वापरावा, हेही ओघाने आलेच. बोगद्याच्या आत व बाहेर दोन्ही ठिकाणी टी.सी.पी. असला, तर एक पाकीट हरवताच दोन्ही थर ते पुन्हा पाठविण्याच्या खटपटीस लागतात व वाहतूक तुंबते.

राखीव जोडणीचा विचार या परिसरास नवा नाही. २३ जुलै १९२७ रोजी भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रेषण-केंद्र खडकीस व ग्रहण-केंद्र दौंडला होते. ही सेवा स्वस्त असल्याने समुद्रतळाच्या केबलचे गिऱ्हाईक तुटू लागले. अखेर १९३२ साली दोन्ही एका कंपनीखाली आणण्यात आल्या. स्पर्धेच्या दृष्टीने ते इष्ट होते की नाही हा वेगळा प्रश्न, परंतु एकाच संदेशास खरोखर भिन्न असे दोन मार्ग, एक पाण्याखालून व एक आकाशातून, त्यामुळे मिळाले. आजच्या घरात दोन कंपन्यांच्या दोन फायबर-तारा घेतल्या जातात, आणि पुष्कळदा त्या एकाच विजेच्या खांबावरून, एकाच झाडाच्या फांदीला वळसा घालून येतात. देयके दोन, मार्ग एकच. संयोगाचा सर्व खटाटोप करण्यापूर्वी गच्चीवर जाऊन तारा कोठून येतात हे डोळ्यांनी पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

‘व्ही.पी.एन.’ या नावाने दोन भिन्न वस्तू ओळखल्या जातात, हेही नोंदविले पाहिजे. स्वतःच्या सर्व्हरपर्यंत नेलेला बोगदा ही एक. मासिक वर्गणी भरून परक्या कंपनीच्या सर्व्हरमधून जगात बाहेर पडणे ही दुसरी. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार वर्गणीदार सेवा चालविणाऱ्यांस ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवणे आवश्यक झाले, आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले. संस्थांच्या अंतर्गत व्ही.पी.एन.ला हे कलम लागू नाही, असा खुलासा पुढे करण्यात आला. दोन्हींतही गुप्तता बोगद्याच्या दूरच्या तोंडापर्यंतच असते. तेथून पुढे मजकूर पुन्हा चव्हाट्यावर येतो.

व्यवस्था बसली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. दूरच्या सर्व्हरवर एस.एस.एच.ने प्रवेश करावा, दर सेकंदास वेळ छापणारी आज्ञा द्यावी आणि फायबरची तार उपसून काढावी. मार्ग-कोष्टक आपोआप बदलत असेल व घरातील टोकाकडून दर २५ सेकंदांस एक रिकामे पाकीट पाठविण्याची तरतूद केली असेल, तर काही काळ छपाई थांबून पुन्हा सुरू होईल. ती सुरू झाली नाही, तर बहुधा आतील नावाऐवजी कोठेतरी बाहेरील ठिकाणाचा पत्ता लिहिलेला सापडेल.