न्यूझीलंडचं एक जहाज निवृत्त झालं आणि देशाची रेल्वे दोन तुकड्यांत विभागली गेली, ती कशी?

१८ ऑगस्ट २०२५ ला न्यूझीलंडमध्ये 'अराटेरे' नावाच्या जहाजाने शेवटची फेरी मारली. आता जहाज जुनं झालं, निवृत्त झालं, यात विशेष काय? तर या जहाजाच्या पोटात चक्क रेल्वेचे रूळ होते. मालगाडीचे डबे एका बेटावर थेट जहाजात ढकलायचे आणि दुसऱ्या बेटावर थेट बाहेर ओढायचे, हे त्याचं काम. हे काम करणारं देशातलं ते शेवटचं जहाज होतं. त्याची जागा घेणारी जहाजं यायला २०२९ उजाडणार आहे.

म्हणजे तोपर्यंत उत्तरेकडची रेल्वे वेगळी आणि दक्षिणेकडची वेगळी. ही वेळ का आली, ते समजून घेऊ.

जहाजावर रेल्वे कशासाठी?

न्यूझीलंड मुख्यतः दोन मोठ्या बेटांवर वसलेला देश आहे. मध्ये कुक सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती फक्त २२ किलोमीटर रुंद आहे, पण वारे आणि लाटांसाठी बदनाम. पूल नाही, बोगदाही नाही. उत्तर बेटावरचं वेलिंग्टन ते दक्षिण बेटावरचं पिक्टन हा साडेतीन तासांचा फेरी प्रवास हाच दोन्ही बेटांना जोडणारा 'रस्ता'. लोक, गाड्या, ट्रक, सगळं याच मार्गाने जातं.

ऑगस्ट १९६२ मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेने 'अरामोआना' हे जहाज या मार्गावर आणलं. त्याआधी डब्यातला माल उतरवून जहाजात भरायचा आणि पलीकडे पुन्हा डब्यात भरायचा, असा सगळा द्राविडी प्राणायाम होता. अरामोआनाने तो संपवला. आज ही सेवा 'इंटरआयलँडर' नावाने चालते आणि तिची मालकी 'किवीरेल' या सरकारी रेल्वे कंपनीकडे आहे. 'ब्लूब्रिज' ही खासगी फेरीही याच मार्गावर धावते, पण तिच्यावर रेल्वेची सोय नाही.

आपल्याकडे कोकण रेल्वेची 'रो-रो' सेवा १९९९ पासून आहे. तिथे ट्रक रेल्वेवर चढतात. इथे रेल्वेच जहाजावर चढायची.

डबे जहाजात जातात कसे?

धक्क्यावरचे रूळ आणि जहाजातले रूळ यांच्यामध्ये एक हलता पूल असतो. भरती-ओहोटीनुसार जहाज वर-खाली होतं, तसा हा पूलही वर-खाली करता येतो. रूळ जुळले की इंजिन डबे आत ढकलतं. मग डबे साखळ्यांनी घट्ट बांधतात.

आता यात गोम अशी, की जहाज, पूल आणि धक्का हे तिन्ही एकमेकांच्या मापाचे लागतात. कुलूप-किल्लीसारखे. वेगळ्या मापाचं जहाज घेतलं की धक्काही बदलावा लागतो. पुढचा सगळा घोळ इथेच झाला.

नवीन जहाजं ठरली होती, मग फिसकटलं कुठे?

जुनी जहाजं थकली होती, म्हणून किवीरेलने दोन मोठी, रेल्वे नेणारी जहाजं घ्यायचं ठरवलं. २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई मिपो कंपनीशी ५५.१ कोटी न्यूझीलंड डॉलरचा सौदा झाला. (एक न्यूझीलंड डॉलर म्हणजे साधारण ५० रुपये.) जहाजांची किंमत करारात ठरलेली होती. खर्च फुगला तो बंदरांचा.

नवीन जहाजं जवळपास २२० मीटर लांब. जुन्या धक्क्यांवर ती मावणार नव्हती. त्यात वेलिंग्टन हे भूकंपप्रवण शहर. २०१६ च्या कायकोरा भूकंपात वेलिंग्टनच्या बंदराचं मोठं नुकसान झालं होतं. त्यामुळे नवं बांधकाम भूकंपाला तोंड देणारं हवं होतं. सुरुवातीला ७७.५ कोटी डॉलरचा असलेला प्रकल्प २०२३ पर्यंत ३०० कोटींच्या आसपास गेला.

किवीरेलने सरकारकडे आणखी १४७ कोटी डॉलर मागितले. तेव्हा नुकतंच नवं सरकार आलं होतं. अर्थमंत्री निकोला विलिस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नकार दिला. कोरोला गाडी घ्यायला निघालेल्यांनी फेरारी मागावी तसा हा प्रकार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. प्रकल्प बंद पडला.

पण सौदा मोडणंही फुकट नव्हतं. ह्युंदाई मिपोला भरपाई म्हणून १४.४ कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे सुमारे ७०० कोटी रुपये, आणि हातात एकही जहाज नाही.

थांबण्याची किंमत

जहाजं बदलायची गरज किती होती, हे त्याआधीच दिसलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये 'कायटाकी' या फेरीची इंजिनं भर समुद्रात बंद पडली. इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतला एक जुना रबरी जोड फाटला होता. जहाजावर ८६४ माणसं होती आणि जहाज खडकाळ किनाऱ्याकडे वाहत चाललं होतं. नांगर टाकून ते थांबवावं लागलं. काही वेळाने इंजिनं सुरू झाली म्हणून अनर्थ टळला.

प्रकल्प बंद केल्यानंतर सहा महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, खुद्द अराटेरे पिक्टनजवळ किनाऱ्यावर जाऊन रुतलं. कोणाला इजा झाली नाही. मात्र जहाजाचं सुकाणू, म्हणजे दिशा देणारी यंत्रणा, तेव्हा नुकतीच बदलली होती आणि तिचा ताबा कर्मचाऱ्यांना वेळेत परत घेता आला नाही, असं तपासात समोर आलं.

मग आता माल कसा जातो?

डब्यावरचा कंटेनर उचलून ट्रेलरवर ठेवायचा. ट्रेलर जहाजात चढवायचा. पलीकडे उतरवून कंटेनर पुन्हा डब्यावर. माल पोहोचतो, पण प्रत्येक कंटेनरची दोनदा जास्त चढ-उतार होते. यंत्रं, माणसं, जागा, वेळ, सगळंच जास्त लागतं. रेल्वेची इंजिनं आणि रिकामे डबे एका बेटावरून दुसरीकडे नेणं तर आणखी किचकट. शिवाय रेल्वेने माल पाठवण्यात कटकट वाढली की व्यापारी सरळ ट्रककडे वळतात, आणि एकदा गेलेला माल रेल्वेकडे परत आणणं सोपं नसतं.

अराटेरेला आणखी थोडं चालवलं का नाही?

कारण पुन्हा तोच धक्का. नवीन जहाजांसाठी पिक्टनला नवं बांधकाम करायचं आहे आणि अराटेरे जिथे लागायचं, तीच जागा त्यासाठी मोकळी करावी लागली. धक्का गेला, तर जहाज उभं कुठे करणार?

पुढे काय?

डिसेंबर २०२४ मध्ये विन्स्टन पीटर्स यांच्याकडे रेल्वे खातं आलं. त्यांनी गणित उलटं मांडलं. आधी धक्क्यांचा खर्च आवाक्यात ठेवायचा आणि जहाजं त्या हिशोबाने घ्यायची. वेलिंग्टनला शक्य तितकं जुनं बांधकाम वापरायचं. जहाजं आधीपेक्षा लहान, सुमारे २०० मीटरची, पण रूळ असलेलीच. चीनमधल्या ग्वांगझू इथल्या कंपनीला दोन जहाजांचं काम दिलं असून पूर्ण प्रकल्प २०० कोटी डॉलरच्या आत बसवण्याचं उद्दिष्ट आहे.

सरकार म्हणतं, पैसे वाचले. विरोधक म्हणतात, पहिला सौदा मोडला नसता तर जहाजं केव्हाच आली असती. वाद चालू राहील. रूळ हवेत की नकोत, यावर मात्र दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, 'हवेत'. ते दुसऱ्यांदा येईपर्यंत हातातलं जहाज गेलं, आणि २०२९ पर्यंत प्रत्येक कंटेनरला दोन्ही काठांवर एक जादा चढ-उतार आहेच.