संगणकातल्या रोबोला हवेत मदतनीस!

मुलांनो, नवाकोरा रोबो पहिल्याच दिवशी जिन्यावरून गडगडला तर? लाखो रुपयांचा चुराडा! सायकल शिकताना आपला गुडघा फुटतो, पण तो चार दिवसांत बरा होतो. रोबोचं तसं नाही. म्हणून त्याला आधी संगणकातच पडू द्यायचं. ज्या प्रोग्रॅममध्ये हे करतात त्याला 'सिम्युलेटर' म्हणतात.

"म्हणजे व्हिडिओ गेमच की!" असं तुम्ही म्हणाल. दिसतो तसाच, पण गेममधला वीर दहाव्या मजल्यावरून उडी मारूनही पळत सुटतो. इथे असली लबाडी चालत नाही बरं का! रोबोचे वजन, गुरुत्वाकर्षण, चाकाचे जमिनीशी होणारे घर्षण या साऱ्याचा हिशेब संगणक करतो, तोही एका सेकंदात सुमारे हजार वेळा.

'गॅझिबो' हा असाच एक प्रसिद्ध सिम्युलेटर. २००२ साली अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि त्यांचे विद्यार्थी नेट कोएनिग यांनी तो सुरू केला. 'स्टेज' नावाचा एक सिम्युलेटर आधीच होता. या दोघांना हवा होता मोकळ्या मैदानातल्या रोबोंसाठी. उघड्यावरचे स्टेज म्हणजे जवळजवळ बागेतला मंडपच, म्हणून नाव 'गॅझिबो'!

गॅझिबो 'ओपन सोर्स' आहे. म्हणजे तो फुकट मिळतो, आतला प्रोग्रॅम कुणीही वाचू शकतो आणि सुधारूही शकतो. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. माणसांना आत जाणे धोक्याचे होते. तिथे रोबो जाऊ शकेल का, या विचारातून अमेरिकेत एक मोठी स्पर्धा झाली. २०१३ मधली तिची एक फेरी चक्क गॅझिबोत खेळली गेली! संगणकातल्या रोबोने गाडी चालवायची, खडबडीत जमिनीवर चालायचे आणि पाइप जोडून व्हॉल्व्ह फिरवायचा. जे संघ पुढे आले, त्यांनाच खरा रोबो मिळाला.

आता आपल्या नागपूरकडे या. समजा, काटोलच्या संत्र्याच्या बागेत फिरणारा रोबो बनवायचा आहे. दोन झाडांत सहा मीटर अंतर असेल, तर फांद्यांखालून वाट किती उरते? पावसाळ्यात काळ्या मातीत चाक किती रुतते? उन्हाळ्यात भेगा किती रुंद पडतात? कॅलिफोर्नियातला प्रोग्रॅमर हे कसं सांगणार? ते सांगू शकतो बागेत राहणारा मुलगा किंवा मुलगी. संगणकातले जग खऱ्या जगासारखे व्हायला अशी मोजमापे लागतात. ती नसली, तर संगणकात शहाणा ठरलेला रोबो शेतात फसतो.

म्हणूनच अशा प्रकल्पांना मदतनीस हवे असतात. प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर उत्तमच. नसेल तर चुका शोधून नीट कळवा, सूचना मराठीत लिहा, झाडांची आणि खड्ड्यांची त्रिमितीय चित्रे बनवा. मुंबईच्या आयआयटीतला 'ई-यंत्र' प्रकल्प महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रोबोंच्या स्पर्धा घेतो. त्यांतही सिम्युलेटर वापरले गेले आहेत. आपल्या अंबाझरीजवळच्या व्हीएनआयटीतही विद्यार्थी रोबो बनवतात. आज सुरुवात केलीत, तर त्या वयाला पोहोचेपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

सुरुवात आजच करा, तीही संगणकाशिवाय! एका फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे अंतरही मोजा. उंचीला अंतराने भागा. उंची २० सेंटिमीटर आणि अंतर ४० असेल, तर उत्तर ०.५. हाच घर्षण गुणांक! सिम्युलेटरला नेमके असेच आकडे लागतात. मग फळीवर कापड, कागद, ओली माती पसरून पाहा आणि वहीत तक्ता करा.

आईबाबांनो, यासाठी महागडा रोबो घ्यावा लागत नाही. फक्त इंटरनेटवर काम करताना मुलांच्या जवळ बसा. घरचा पत्ता, फोन नंबर कुणाला देऊ देऊ नका. आणि हो, फळी-खोडरबराच्या प्रयोगात घर थोडे मातीने भरले, तर रागावू नका!