खेळ संपले, मैदानाचं पुढं काय?

निपाणीहून मुंबईच्या बसमध्ये कधी खिडकीची जागा मिळाली, तर पुण्याजवळ जरा जागं राहा. चांदणी चौक मागं पडला, बाणेर ओलांडलं, की हायवेला लागूनच एक प्रचंड क्रीडासंकुल आहे. नाव श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, गाव म्हाळुंगे-बालेवाडी. बोलताना सगळे नुसतं ‘बालेवाडी’च म्हणतात. बेळगाव, संकेश्वर, निपाणी करत जाणारा आपला रस्ताच पुढं त्याच्या कडेनं जातो.

हे संकुल बांधलं गेलं जानेवारी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी. स्पर्धा काही दिवसांत आटोपल्या. संकुल मात्र तीस वर्षांनंतरही वापरात आहे. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. मोठ्या स्पर्धेसाठी बांधलेली मैदानं नंतर ओस पडल्याची उदाहरणं जगभर आहेत. मग काही मैदानं कशी टिकतात आणि काही का मरतात? मी स्वतः कॉलेजच्या संघातून 800 मीटर धावते, त्यामुळं हा प्रश्न माझ्या पायाखालचा आहे. म्हणून जरा खोलात जाऊन समजून घ्यायचं ठरवलं.

मांडव उतरवता येतो, स्टेडियम नाही

लग्नाला हजार माणसं येणार म्हणून आपण मांडव घालतो आणि दुसऱ्या दिवशी उतरवतो. स्पर्धेचंही तसंच, पाहुणे चार दिवसांचे. पण बांधकाम सिमेंटचं. हजारो खुर्च्या, पोहण्याचा तलाव, दिव्यांचे खांब, हिरवळ हे सगळं मागं उरतं आणि रोज खर्च मागतं. तलावाचं पाणी रोज गाळावं लागतं, कोणी पोहो अगर न पोहो. हिरवळीला पाणी द्यावं लागतं. सिंथेटिक ट्रॅक म्हणजे रबर आणि पॉलियुरेथेनचा थर. ऊन-पावसानं तो झिजतो, फुगतो, सुटतो आणि काही वर्षांनी बदलावाच लागतो. मैदान बांधायला एकदा पैसा लागतो, राखायला कायम. उद्घाटनाच्या फलकावर फक्त पहिला आकडा लिहिलेला असतो.

सगळ्यात अवघड परीक्षा बर्फाची

हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो हिवाळी खेळांना. बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या पन्हळीतून घसरगाडी सोडण्याचा खेळ. त्याचा उतार किलोमीटरभराहून लांब असतो आणि त्याच्या पोटात गारवा धरणाऱ्या नळ्यांचं जाळं असतं. असं बांधकाम दुसऱ्या कुठल्या कामाला येणार? तरीही काही ठिकाणी त्यातून वाट निघाली.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला 2002 मध्ये हिवाळी ऑलिंपिक झालं. संपताना आयोजकांनी शिल्लक रकमेतून 7 कोटी 60 लाख डॉलर वेगळे काढले, ते फक्त मैदानं सांभाळण्यासाठी. युटा ऑलिंपिक पार्क आज बारा महिने चालू असतं. उन्हाळ्यात त्याच घसरणीवरून चाकं लावलेली गाडी सोडतात आणि सामान्य लोक तिकीट काढून बसतात. स्कीवरून हवेत कोलांट्या मारणारे खेळाडू उन्हाळ्यात उतारावरून सुटतात आणि थेट तलावात पडतात. पाण्यात खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात, त्यामुळं पृष्ठभाग मऊ होतो आणि मार कमी बसतो. शेजारच्या केर्न्सच्या बर्फमैदानावर घरची पोरंसोरं स्केटिंग शिकतात. 2034 चं हिवाळी ऑलिंपिक पुन्हा याच युटाला मिळालं.

कॅनडातल्या रिचमंडची गोष्ट आणखी शहाणपणाची. व्हँकुव्हरच्या 2010 च्या ऑलिंपिकसाठी तिथं 400 मीटरचं बंदिस्त बर्फमैदान उभारलं. पण नकाशा काढतानाच ठरलं होतं, की स्पर्धेनंतर हे गावाचं होणार. खेळ संपल्यावर लांब बर्फाचा ट्रॅक काढला. त्याच छपराखाली छोटी बर्फमैदानं, बास्केटबॉल-व्हॉलीबॉलची कोर्टं, धावण्याचा ट्रॅक, व्यायामशाळा आली. आज ते नगरपालिकेचं सार्वजनिक क्रीडाकेंद्र आहे.

आता आपल्या देशात या. जानेवारी 2011 मध्ये डेहराडून आणि औली इथं पहिले दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले. त्यासाठी डेहराडूनला बंदिस्त बर्फमैदान बांधलं. खेळ संपले आणि मैदान दहा वर्षांहून जास्त काळ बंद राहिलं. बर्फ टिकवायचा म्हणजे यंत्रं सतत चालू ठेवायची, आणि ते विजेचं बिल भरणार कोण, याचं उत्तर आधी कोणी शोधलेलं नव्हतं. या काळात आपल्या आइस स्केटिंगच्या खेळाडूंना सरावासाठी परदेश गाठावा लागला. शेवटी दुरुस्त्या करून 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथं आशियाई पातळीवरची शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली. मैदान जागं झालं, चांगलंच झालं. पण त्या मधल्या वर्षांत जी पोरं वीस वर्षांची होती, ती आता तिशी ओलांडून गेली. त्यांची ती वर्षं कोण परत देणार?

बालेवाडीनं काय केलं

बालेवाडीत बर्फ नाही, पण प्रश्न तोच होता. 1994 नंतर इतक्या मोठ्या पसाऱ्याचं करायचं काय? दोन गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली म्हणजे संकुलाला रोजचे रहिवासी मिळाले. महाराष्ट्र शासनानं क्रीडा प्रबोधिनी ही योजना सुरू केली. लहान वयातली होतकरू मुलं निवडायची, त्यांची राहण्या-जेवणाची, शाळेची आणि प्रशिक्षणाची सोय करायची. प्रबोधिनीचं एक केंद्र बालेवाडीत आलं. म्हणजे स्पर्धा असो-नसो, सकाळ-संध्याकाळ ट्रॅकवर पाय पडू लागले. जोडीला संकुलातल्या सोयी शुल्क भरणाऱ्या नागरिकांनाही वापरता येऊ लागल्या.

दुसरी म्हणजे ठरावीक काळानं नवी स्पर्धा येत राहिली आणि तिच्या निमित्तानं डागडुजी होत राहिली. ऑक्टोबर 2008 मध्ये इथं राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. ॲथलेटिक्स, नेमबाजी, जलतरण, कुस्ती अशा नऊ खेळांत भारत पदकतक्त्यात पहिला आला. 2018 पासून काही वर्षं इथं पुरुषांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली. 2022 मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने झाले.

याचं फळ कसं दिसतं? 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मध्ये 72 वर्षं गेली. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. आपल्या निपाणीहून निघणारा देवगडचा रस्ता राधानगरीवरूनच जातो, इतका तो आपल्या शेजारचा. तो क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि पुढं बालेवाडीच्या रेंजवर त्यानं सराव केला. रेंज बंद असती, तर त्याच्या हातात रायफल असूनही नेम धरायला जागा नसती.

पण बालेवाडीतही सगळं गोड आहे असं नव्हे. जून 2021 मध्ये एका बैठकीसाठी आलेल्या पुढाऱ्यांच्या गाड्या थेट ट्रॅकपर्यंत आत गेल्या. फोटो पसरले, खेळाडू संतापले आणि क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. गाडीच्या वजनानं आणि तेलानं सिंथेटिक थर खराब होतो, हा एक भाग. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: मैदान नेमकं कुणाचं, हे आपल्याकडं अजून पक्कं ठरलेलं नाही.

आपल्या बेळगावची विहीर

बेळगावकरांना एक उदाहरण घरातच सापडेल. डिसेंबर 1924 मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते याच एका अधिवेशनाचे. हजारो माणसं येणार, त्यांना पाणी कुठलं? म्हणून एक मोठी विहीर खणली. अधिवेशन दोन-चार दिवसांत संपलं, तंबू, मांडव गेले, पण ‘काँग्रेस विहीर’ आजही आहे आणि तो परिसर आता स्मारक आणि बाग म्हणून सगळ्यांसाठी खुला आहे. पाहुण्यांसाठी खणलेली विहीर गावाला उरली. स्पर्धेनं मागं काय ठेवावं, याचं इतकं सोपं उत्तर मला दुसरं सापडलं नाही.

आता आमची परिस्थिती सांगते. आम्ही ज्या मैदानावर सराव करतो, तिथं प्रदर्शनं, सभा, विक्रीचे स्टॉल सारखे लागतात. ते उठले, की आम्ही आधी खिळे आणि काचा वेचतो, मग धावतो. पावसाळ्यात चार महिने चिखल. माझ्यासोबत धावणारी निपाणीची मैत्रीण तर सुट्टीत गावी गेली, की डांबरी रस्त्यावरच पळते आणि गुडघे धरून परत येते. आमच्याकडं मैदानं नाहीत असं नव्हे. ती खेळाडूंच्या वाट्याला किती तास येतात, हा प्रश्न आहे.

म्हणून कुठंही नव्या स्टेडियमची घोषणा झाली, की टाळ्या वाजवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. स्पर्धेनंतर रोज इथं कोण खेळणार? देखभालीचा पैसा दरवर्षी कुठून येणार आणि तो वेगळा ठेवलाय का? सामान्य मुलामुलीला परवडेल इतकं शुल्क आणि सोयीची वेळ आहे का? आणि खेळाखेरीज दुसऱ्या कामाला मैदान दिलं, तर ते होतं तसं करून देण्याची जबाबदारी कुणाची?

हेच प्रश्न आपण असलेल्या मैदानांनाही लावू शकतो. मंडळाच्या सभासदांना माझी विनंती आहे, की दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या गावच्या मैदानाची एक पानभर माहिती लिहून आणा. ते कधी झालं, कुणाच्या ताब्यात आहे, वर्षातले किती दिवस खेळायला मोकळं असतं, मुली तिथं जातात का. निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी, बेळगाव, सगळीकडून चार-चार पानं आली तरी पुढच्या अंकात सीमाभागातल्या मैदानांची एक यादी तयार होईल. ती हातात असली, की मागणी करायला आपल्याकडं निदान नेमकं काहीतरी असेल.